आधी आकडा, मग स्विच

इलेक्ट्रिकलला प्रवेश मिळाला तरी पहिलं वर्ष इलेक्ट्रिकलचं नसतंच. एम-वन, एम-टू (गणिताचे दोन पेपर), मेकॅनिक्स, ड्रॉइंग, वर्कशॉपमध्ये लोखंडाचा तुकडा घासणं, आणि सगळ्या शाखांना मिळून बेसिक इलेक्ट्रिकलचा एक पेपर. त्या वर्षाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सर्किट सोडवायची मेश आणि नोडलची समीकरणं मांडताना अधिक-उण्याची चूक होणार नाही एवढं मात्र तिथेच पक्कं करून घ्यावं. पहिल्या वर्षी ती चूक चार मार्क खाऊन गप्प बसते, नेटवर्क्सच्या पेपरात पुन्हा डोकं वर काढते आणि पॉवर सिस्टिम्सचं वाय-बस मॅट्रिक्स मांडताना अख्खं गणित बुडवते.

खरी शाखा सुरू होते ती दुसऱ्या वर्षी, मशीन्स लॅबच्या दारात. मुंबईत माटुंग्याचं व्हीजेटीआय १८८७ सालचं, अंधेरीचं सरदार पटेल १९६२ सालचं, बाकीची बहुतेक कॉलेजं त्यानंतरची; पण मशीन्स लॅब पाहिली तर सगळीकडे एकच घर वाटतं. बहुतेक ठिकाणी तळमजला, कारण मशीन जमिनीत पाया घालून बसवलेली असतात. तापलेल्या वार्निशचा आणि ग्रीसचा वास, पॅनलपुढे काळी रबरी मॅट, भिंतीवर शॉक लागल्यावर काय करायचं त्याचा पिवळा पडलेला तक्ता. चार-पाच जणांचा गट, दोन तास, एक प्रयोग. जोडणी झाली की लॅब असिस्टंट काकांना हाक मारायची.

“काका, सप्लाय द्या ना.”

“किती अँपिअर येणार?”

“मीटर दाखवेलच की.”

“मीटर एक अँपिअरचा लावलायस तू. आधी लिहून आण, जा.”

सगळी मशीन्स लॅब या एका अडवणुकीत आहे. नेमप्लेट वहीत उतरवायची, तिच्यावरून अपेक्षित रीडिंग पेन्सिलने लिहायचं, त्यावरून मीटरची रेंज ठरवायची आणि मगच स्विचला हात लावायचा. उलट्या क्रमाने काम केलं तर फ्यूज उडतो. तो नाही उडाला तर त्याहून वाईट, चुकीचं रीडिंग बरोबर समजून जर्नलमध्ये जातं.

सुरुवातीच्याच प्रयोगांपैकी एक, ट्रान्सफॉर्मरची ओपन सर्किट आणि शॉर्ट सर्किट टेस्ट, नीट उलगडून सांगतो. लॅबमधला नेहमीचा ट्रान्सफॉर्मर घ्या: १ केव्हीए, २३०/११५ व्होल्ट. नेमप्लेटवरून लगेच कळतं की हाय व्होल्टेज बाजूचा फुल लोड करंट ४.३५ अँपिअर आणि लो व्होल्टेज बाजूचा ८.७. ओपन सर्किट टेस्ट, म्हणजे दुसरी बाजू मोकळी सोडून, लो व्होल्टेज बाजूने करतात. एवढ्या लहान ट्रान्सफॉर्मरचा नो लोड करंट फुल लोडच्या पाचेक टक्के धरला तर ०.४३ अँपिअर आणि कोअर लॉस, म्हणजे लोखंडी गाभ्यात वाया जाणारी पॉवर, साधारण २० वॅट. म्हणजे अँमीटर १ अँपिअरचा. वॉटमीटर मात्र साधा चालत नाही. १५० व्होल्ट, ५ अँपिअरच्या साध्या वॉटमीटरची पूर्ण पट्टी ७५० वॅटची. त्यावर १२० भाग असतील तर एक भाग ६.२५ वॅटचा, आणि आपले २० वॅट जेमतेम तीन भागांत संपतात. काटा जागचा हलला की नाही यावर गटात वाद होतो. इथे लो पॉवर फॅक्टर वॉटमीटर लागतो (पॉवर फॅक्टर, म्हणजे कॉस फाय, हा व्होल्ट गुणिले अँपिअरपैकी खऱ्या वॅटचा हिस्सा): १५० व्होल्ट, १ अँपिअर, कॉस फाय ०.२. पूर्ण पट्टी १५० × १ × ०.२ म्हणजे ३० वॅट, एक भाग पाव वॅटचा, काटा ८० च्या आसपास. मल्टिप्लाइंग फॅक्टर, म्हणजे एका भागाचे वॅट, काढताना ते ०.२ विसरलं की कोअर लॉस थेट पाचपट, १०० वॅट येतो. १ केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरला नुसतं चालू ठेवायला १०० वॅट लागत असतील तर तो हाताला चटका देईल. पण हे ‘असतील तर’ आधी आकडा लिहिलेला असेल तरच सुचतं.

या टेस्टमध्ये दोन धोके आहेत आणि दोन्ही नजरेला दिसत नाहीत. लो व्होल्टेज बाजूला ११५ व्होल्ट दिले की मोकळ्या सोडलेल्या दुसऱ्या बाजूवर २३० व्होल्ट उभे असतात. तिथे काही जोडलेलं नाही म्हणून त्यावर वही टेकवणारे दर बॅचला निघतात. दुसरा धोका डिमरस्टॅटचा, म्हणजे नॉब फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायच्या साधनाचा. तो ऑटोट्रान्सफॉर्मर असतो, त्याच्या इनपुट-आउटपुटमध्ये विलगता नसते. इनपुटला फेज आणि न्यूट्रल उलटे लागले तर नॉब शून्यावर असतानाही आउटपुटच्या दोन्ही टर्मिनलवर फेज असतो. व्होल्टमीटर शून्य दाखवतो, कारण तो त्या दोन टर्मिनलमधला फरक मोजतोय, जमिनीपासूनचा नाही. म्हणून आधी टेस्टर लावायचा.

शॉर्ट सर्किट टेस्ट बाजू बदलून, हाय व्होल्टेज बाजूने. लो व्होल्टेज बाजू जाड लिंकने शॉर्ट करायची आणि डिमरस्टॅट शून्यापासून इतक्या हळू वाढवायचा की अँमीटर ४.३५ वर थांबेल. व्होल्टेज जेमतेम ११ च्या आसपास लागतं. समजा ११ व्होल्ट, ४.३५ अँपिअर, ४० वॅट. इम्पीडन्स २.५३ ओहम, रेझिस्टन्स ४० भागिले ४.३५ चा वर्ग म्हणजे २.११ ओहम, रिअॅक्टन्स १.३९. पुस्तकातल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये रिअॅक्टन्स जास्त असतो, इथे रेझिस्टन्स जास्त आला म्हणून घाबरू नये, लहान ट्रान्सफॉर्मर असाच असतो. आता मागच्या बॅचने डिमरस्टॅटचा नॉब २३० वर सोडून दिलाय आणि आपण न बघता स्विच टाकला असं धरा: २३० भागिले २.५३, म्हणजे ९१ अँपिअर. फ्यूजचा आवाज शेजारच्या लॅबमध्ये ऐकू जातो.

याच टेस्टमध्ये एक बारीक चूक असते, ती जर्नल तपासणाऱ्यालाही सहसा दिसत नाही. शॉर्ट करणारी लिंक बारीक वायरची असेल किंवा तिच्या टोकाची लग सैल असेल तर तिथे ०.१ ओहम सहज येतो. तो लो व्होल्टेज बाजूला आहे, टर्न्स रेशो २, म्हणजे हाय व्होल्टेज बाजूकडून तो चौपट, ०.४ ओहम दिसतो. ०.४ गुणिले ४.३५ चा वर्ग म्हणजे साडेसात वॅट. कॉपर लॉस, म्हणजे वाइंडिंगच्या तारेत वाया जाणारी पॉवर, ४० ऐवजी ४७.५ दिसतो आणि दोष ट्रान्सफॉर्मरच्या माथी जातो. लग पान्याने आवळला की रीडिंग खाली येतं. हे एकदा मुद्दाम करून बघावं.

मग दोन्ही टेस्टचे लॉस मिळून २० अधिक ४०, ६० वॅट; १०००/१०६०, म्हणजे युनिटी पॉवर फॅक्टरला ९४.३ टक्के एफिशियन्सी. सर्वात जास्त एफिशियन्सी २०/४० च्या वर्गमुळाला, ०.७०७ लोडला. ‘सरळ लँप बँक लावून इनपुट-आउटपुट मोजलं तर काय बिघडतं?’ हा ओरलचा लाडका प्रश्न. बिघडतं ते असं: दोन्ही वॉटमीटर एक टक्का अचूक धरले तरी प्रत्येकात १० वॅटची चूक शक्य आहे, आणि आपल्याला हवा आहे तो फरक सगळा मिळून ६० वॅटचा. लॉस थेट मोजले तर एक टक्क्याची चूक ६० वॅटवरच बसते.

जाता जाता जर्नलबद्दल. सीनियरच्या जर्नलमधून उतरवलेली रीडिंग लगेच ओळखू येतात, कारण त्यांत सप्लाय नेहमी नेमका २३० असतो. खऱ्या लॅबमध्ये दुपारी सगळ्या वर्गांतले पंखे-एसी चालू असताना २२२ मिळतो आणि सकाळच्या पहिल्या बॅचला २३८. ‘२२२ का आला?’ याला उत्तर असतं. २३० उतरवणाऱ्याला तो प्रश्नच पडत नाही.

डीसी मशीनकडे अलीकडे ‘हे आता वापरतं कोण’ अशा नजरेने बघतात. मुंबईत बसून हे म्हणणं जरा धाडसाचं. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर, आणि लोकलचा डीसी सप्लाय पूर्णपणे जाऊन २५ केव्ही एसी यायला २०१६ उजाडलं. गाडी ओढायला सीरिज मोटर का, तर सुरुवातीला सॅच्युरेशन येईपर्यंत टॉर्क करंटच्या वर्गाने वाढतो. हीच मोटर लोड नसताना चालू केली तर फ्लक्स नाहीसा होत जातो आणि वेग आवरत नाही, म्हणून लॅबमध्ये ब्रेक ड्रमचा पट्टा आवळलेला असल्याशिवाय सीरिज मोटरला हात लावू देत नाहीत.

शंट मोटरची गंमत स्टार्टरमध्ये आहे. आर्मेचर रेझिस्टन्स १.५ ओहम, सप्लाय २२० व्होल्ट. मोटर उभी असते तेव्हा बॅक ईएमएफ (फिरताना आर्मेचरमध्ये सप्लायच्या विरुद्ध तयार होणारं व्होल्टेज) शून्य, म्हणजे थेट जोडली तर १४७ अँपिअर, नेमप्लेटवर १२. थ्री पॉइंट स्टार्टरचा हँडल एकेका स्टडवरून सावकाश पुढे न्यायचा, मधल्या स्टडवर रेंगाळायचं नाही कारण ते रेझिस्टन्स काही सेकंदांसाठीच बनवलेले असतात. फील्ड रिओस्टॅट सुरुवातीला कमीत कमी रेझिस्टन्सवर, आर्मेचर रिओस्टॅट जास्तीत जास्त. इथे हमखास गोंधळ होतो, कारण रिओस्टॅटच्या तीनपैकी कुठली दोन टर्मिनल वापरली यावर सरकपट्टीची ‘कमीत कमी’ बाजू बदलते. सप्लाय देण्याआधी मल्टिमीटर लावून बघितलं की वादच मिटतो. मोटर थांबवताना हँडल हाताने मागे ओढायचा नाही. सप्लाय बंद करायचा, हँडल धरून ठेवणारी नो व्होल्ट कॉइल सुटते आणि हँडल स्प्रिंगने आपोआप मागे येतो.

इंडक्शन मोटरला येईपर्यंत गट सरावलेला असतो, आणि तिथेच टू वॉटमीटर मेथड (तीन फेजची पॉवर दोन वॉटमीटरची बेरीज करून मोजणं) सगळ्यांना गाठते. मोटर ३ एचपी, ४१५ व्होल्ट, ४.७ अँपिअर, १४३० आरपीएम. नो लोडला करंट २ अँपिअरच्या आसपास आणि पॉवर फॅक्टर ०.२. हिशोब आधी केला तर एक वॉटमीटर ५५० दाखवणार आणि दुसरा उणे २६३, बेरीज २८७ वॅट. प्रत्यक्षात दुसऱ्या वॉटमीटरचा काटा शून्याच्या डावीकडे जाऊन खुंटीला टेकतो. मग करंट कॉइलची दोन टोकं अदलाबदल केली की काटा उजवीकडे २६३ वर येतो, आणि टेबलमध्ये २६३ च लिहिला जातो, उणे चिन्हाशिवाय. बेरीज ८१३ वॅट. रिकाम्या फिरणाऱ्या २.२ किलोवॅटच्या मोटरला ८१३ वॅट? पॉवर फॅक्टर ०.५७? आकडे बघून कुणाला काही वाटत नाही, सर्कल डायग्राम काढायला बसल्यावर वर्तुळ भलतीकडे जातं आणि तेव्हा लॅब बंद झालेली असते. टोकं बदलली त्याच क्षणी, त्याच ओळीत, पेनने उणे चिन्ह घालायचं. पॉवर फॅक्टर ०.५ च्या खाली गेला की एक वॉटमीटर उणे जातोच. पण मीटर उलटा जोडल्यावरही काटा असाच डावीकडे जातो. दोन्हींतला फरक ओळखायचा तर मोटरवर लोड वाढवायचा. उणे काटा शून्यावरून उजवीकडे आला तर जोडणी बरोबर होती.

लोड टेस्टला ड्रमचा पट्टा आवळताना पुन्हा तेच. फुल लोड टॉर्क १४.७ न्यूटन मीटर, ड्रमची त्रिज्या १० सेंटिमीटर, म्हणजे दोन स्प्रिंग बॅलन्समधला फरक १५ किलो. त्रिज्येत पट्ट्याची अर्धी जाडी मिळवायची. ड्रममध्ये पाणी घालायला एकजण नेमायचा, नाहीतर पट्ट्याचा करपट वास येतो आणि घर्षण बदलल्याने रीडिंग नाचायला लागतात.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. सेमिस्टर जुलैत सुरू होतं, मशीन उन्हाळ्याची सुट्टी आणि जूनची दमट हवा खाऊन बसलेली असतात. पहिल्या प्रॅक्टिकलला इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणारा ५०० व्होल्टचा मेगर लावला तर ज्या वाइंडिंगने मार्चमध्ये ५० मेगओहम दाखवले ते जुलैत दोन-तीन दाखवू शकतं. एकच्या खाली असेल तर सप्लाय द्यायचाच नाही. आधी वाळवायचं: टर्मिनल बॉक्स उघडून, जवळ १०० वॅटचे दोन दिवे ठेवून रात्रभर. मेगर पूर्ण एक मिनिट फिरवल्यावरच रीडिंग घ्यायचं, कारण सुरुवातीचे काही सेकंद तो वाइंडिंगचा कपॅसिटन्स चार्ज करत असतो. आणि नंतर वाइंडिंग अर्थला टेकवून डिस्चार्ज करायचं.

तिसऱ्या वर्षातली सर्वात देखणी गोष्ट म्हणजे आल्टरनेटर, म्हणजे एसी जनरेटर, सप्लायला जोडणं. डार्क लँप पद्धतीत तिन्ही फेजमध्ये दिवे, प्रत्येक ठिकाणी दोन-दोन सीरिजमध्ये, कारण दोन्ही बाजूंचं फेज व्होल्टेज उलट दिशेला असताना दिव्यांवर ४६० व्होल्ट येतात. तिन्ही जोड्या एकदम पेटून एकदम विझत असतील तर फेज सिक्वेन्स बरोबर. एकामागून एक, फिरल्यासारखे पेटत असतील तर चूक. मशीन थांबवून कुठल्याही दोन वायर बदलायच्या. फ्रिक्वेन्सीतला फरक ०.२ हर्ट्झ असेल तर पेटण्या-विझण्याचं एक चक्र ५ सेकंदांचं. आल्टरनेटरला फिरवणाऱ्या डीसी मोटरचं फील्ड केसभर हलवून ते चक्र सावकाश करत न्यायचं आणि काळोखाच्या बरोबर मध्यावर स्विच टाकायचा. साधे दिवे २३० पैकी बऱ्याच व्होल्टला अंधारेच राहतात, त्यामुळे दिवा विझताक्षणी टाकला तर घाई, पुन्हा पेटायला लागल्यावर टाकला तर उशीर. काळोख किती सेकंदांचा ते आधी दोन-तीन चक्रं मोजून घ्यायचं.

पॉवर सिस्टिम्सचा पेपर मुंबईत शिकताना उदाहरणांना तोटा नसतो. ८० किलोमीटरपर्यंतच्या लाइनचा कपॅसिटन्स सोडून देतात. १९१५ पासून खोपोलीहून मुंबईला वीज येते ते अंतर साधारण ७० किलोमीटरचं, म्हणजे शॉर्ट लाइन. आणि आयलँडिंग म्हणजे काय हे १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी लोकल जागच्या जागी थांबल्या तेव्हा शहराला कळलं: बाहेरून येणाऱ्या लाइन तुटल्या तर आतली निर्मिती आणि आतला लोड काही क्षणांत जुळले पाहिजेत. कंट्रोल सिस्टिम्सबद्दल इतकंच की रूट लोकस (सिस्टिम स्थिर राहील का ते दाखवणारा आलेख) हाताने काढता आल्याशिवाय कॉम्प्युटरवर काढू नये.

पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबला सर्वांत जास्त फ्यूज उडतात, आणि बहुतेक वेळा ऑसिलोस्कोपच्या मगर-क्लिपमुळे. प्रोबची ती काळी क्लिप स्कोपच्या आतून थेट अर्थला जोडलेली असते. मेनवर चालणाऱ्या ब्रिज रेक्टिफायरच्या निगेटिव्हला ती लावली की फेज डायोडमधून क्लिपमधून अर्थला जातो. यावर कँपसभर प्रचलित असलेला उपाय म्हणजे स्कोपच्या प्लगची अर्थ पिन टेप लावून बंद करणं. तो कुणी सांगितला तर सरळ नाही म्हणावं: मग स्कोपची सगळी बॉडी लाइव्ह होते. सर्किटला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधून सप्लाय द्यावा, किंवा डिफरन्शियल प्रोब वापरावा. दोन्ही नसेल तर दोन्ही क्लिप मोकळ्या ठेवून दोन चॅनलमधली वजाबाकी बघावी.

तिथेच फॉर्म्युल्याचा एक सापळा आहे. फुल कन्व्हर्टरचं (एसीचं कमी-जास्त करता येणारं डीसी करणाऱ्या सर्किटचं) सरासरी व्होल्टेज दोन व्हीएम भागिले पाय गुणिले कॉस अल्फा, हे पाठ असतं (व्हीएम एसीचं शिखर व्होल्टेज, अल्फा फायरिंग अँगल). २३० व्होल्ट, अल्फा ६० अंश: उत्तर १०३ व्होल्ट. मीटर दाखवतो १५५. मीटर बिघडलेला नाही. लोड म्हणून दिवे लावलेत. रेझिस्टिव्ह लोडला करंट शून्यावर तुटतो आणि फॉर्म्युला बदलतो, व्हीएम भागिले पाय गुणिले एक अधिक कॉस अल्फा. पाठ केलेला फॉर्म्युला सलग वाहणाऱ्या करंटसाठी, म्हणजे मोठ्या इंडक्टरसह आहे. इंडक्टर सीरिजमध्ये घातला की मीटर १०३ कडे सरकतो.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणजे ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोड. यादी नीट लिहून न्यावी, कारण दुकानदार ‘तसाच आहे, घेऊन जा’ म्हणून जे देतो ते तसंच असतं असं नाही. आयआरएफझेड ४४ एन आणि आयआरएलझेड ४४ एन हे मॉस्फेट (गेटवरच्या व्होल्टेजने चालणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) दिसायला सारखे. पहिल्याचा उघडल्यावरच्या रेझिस्टन्सचा १७.५ मिलिओहम हा आकडा गेटवर १० व्होल्ट असताना आहे. ५ व्होल्टच्या आर्डुइनोने तो अर्धवट उघडतो आणि तापतो. ५ व्होल्टला दुसरा, किंवा मध्ये गेट ड्रायव्हर. मोटरला समांतर लावायचा डायोड वन एन ४००७ घेतला तर २० किलोहर्ट्झला तो बंद व्हायलाच वेळ घेतो आणि मॉस्फेटला घेऊन जातो; यूएफ ४००७ किंवा शॉटकी मागावा. १२-०-१२ ट्रान्सफॉर्मरची एक बाजू रेक्टिफाय केली की कपॅसिटरवर १६ च्या वर व्होल्ट येतात, मग ७८१२ या १२ व्होल्टच्या रेग्युलेटरवर अर्ध्या अँपिअरला दोन वॅटच्या वर उष्णता. हीटसिंकशिवाय तो दमून बंद पडतो आणि प्रोजेक्ट ‘मध्येच हँग होतो’ असं वाटतं.

बहुतेक दुकानं रविवारी बंद असतात. डेमो सोमवारी असेल तर मॉस्फेट चार आणि ड्रायव्हर आयसी दोन जास्तीचे शनिवारीच आणावेत. जळालेला मॉस्फेट काढल्यावर नवा बसवण्याआधी ड्रायव्हरचं आउटपुट तपासावं. मॉस्फेट जाताना बहुधा ड्रायव्हरलाही नेतो, आणि मेलेल्या ड्रायव्हरवर बसवलेला दुसरा मॉस्फेट पहिल्याच सेकंदाला जातो.